मागची चाकं बाहेर असतात

४ फेब्रुवारी

मामा,

किती वर्षांनी पत्र लिहितेय ते मोजत बसत नाही. ते तू मोजशील आणि चार शब्द सुनावशीलही. फोनच केला असता, पण तुझे कान त्या गॅरेजच्या ठोकाठोकीत कधीच कामातून गेलेत, आणि मामीला ओरडून सांगायला लागलं की अख्ख्या गल्लीला कळतं. म्हणून हे.

कामाचंच विचारते. पाय गेलेल्या लोकांना तू मोटरसायकलला मागे दोन चाकं लावून देतोस, तशी गाडी धडधाकट माणसाने चालवली तर चालते का? ती दुचाकीपेक्षा सुरक्षित असते का? मेकॅनिक म्हणून फुशारकी मारू नकोस, मामा म्हणून खरं सांग.

मी अजून लॅबच्याच नोकरीत आहे. दवाखान्या-दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, डब्यात घालायच्या, लॅबमध्ये आणून द्यायच्या. दिवसभर बूड गाडीवरच. गेल्या दोन महिन्यांत तीनदा पडले. एकदा खडी होती, एकदा ऑइल सांडलं होतं, एकदा कुत्रं आडवं आलं. तिन्ही वेळा डाव्याच अंगावर. शेवटच्या वेळी फुटपाथच्या कडेवर आपटले, कोपराला नऊ टाके पडले आणि एक दात हलतोय. जेवताना जिभेने त्याला धरून ठेवावं लागतं.

अजून एक. चालत्या गाडीला बाजूने जोरात धक्का बसला, तर तीनचाकी पडते का? एवढं मात्र नक्की सांग.

उत्तर घरी पाठवू नकोस, लॅबच्या पत्त्यावर पाठव. घरी मी नसतेच.

तुझी भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र बघून मामीने विचारलं, कुणाचं? म्हटलं, जिवंत आहे आपली भाची, चार वर्षांनी कळलं. एवढं सुनावून संपवतो, कारण तुझा प्रश्न मला आवडला.

पण आधी एक सांग. सोळाव्या वर्षी तू माझी गाडी पळवून अख्ख्या गावातून एका हाताने चालवत आणली होतीस. मी तुझ्या कानफटात मारायला धावलो आणि गाडी बघून थांबलो, ओरखडा नव्हता. ती तू खडीवर पडतेस? कुत्र्याला चुकवता येत नाही तुला? आणि प्रत्येक वेळी डावीकडेच? मला विचारशील तर तुझ्या गाडीची चासीच वाकडी झालीय. कुठल्यातरी हातोडीबहाद्दराने दुरुस्त केली असणार.

आता ऐक. दुचाकीचं काय ते माझ्या गिऱ्हाइकांना विचार. माझ्याकडे येणारी सगळी माणसं तिनेच पाठवलेली. एक दूधवाला येतो. भिजलेल्या रस्त्यावर त्याने पुढचा ब्रेक दाबला, चाक घसरलं, तो गाडीसकट बसखाली गेला. बसच्या मागच्या चाकाने उजवा पाय गुडघ्यात तोडला. शुद्धीत होता बिचारा. पाय पलीकडे पडलाय हे त्यालाच आधी दिसलं. तीन चाकं असती तर घसरला असता, पण आडवा झाला नसता.

म्हणून तीनचाकी देवमाणूस आहे असं समजू नकोस. एक शाळामास्तर माझीच गाडी घेऊन मस्तीत वळणावर शिरला. दुचाकी वळते तेव्हा कलते, ही बाई कलत नाही. वेगात वळवली की आतलं चाक उचलतं. ते उचललं, गाडी मास्तरांच्या अंगावर उलटली, हँडलचा दांडा पोटात घुसला. दीड महिना नळीने जेवले. हीसुद्धा माणूस मारते, फक्त तिची तऱ्हा वेगळी आहे.

ब्रेकला मात्र हिला तोड नाही. दुचाकीवर आपण जीव मुठीत धरून ब्रेक दाबतो, घसरेल म्हणून. हिचा पाय खुशाल तळाला न्यायचा. जागच्या जागी थांबते.

अजून एक गोष्ट, जी मी प्रत्येकाला तीनदा सांगतो आणि प्रत्येक जण विसरतो. मागची चाकं बाहेर असतात. दुचाकीवाल्याच्या हाडात एक गोष्ट मुरलेली असते, पुढचं चाक सुटलं म्हणजे गाडी सुटली. हिचं तसं नाही. पुढचं चाक खांबाला चुकवून जातं आणि मागचं जाऊन धडकतं. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांनी कुणाचं तरी फाटक पाडलंय. एका शिंप्याने पहिल्याच दिवशी मेहुण्याच्या पायाची दोन बोटं चिरडली. मेहुणा अजून म्हणतो, मुद्दाम केलं.

बाजूने धक्का बसला तर? बैलाने ढुशी मारली तरी पडायची नाही. पण चालत्या गाडीला धक्का मारणार कोण?

आणि काय गं, जावईबापू ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात ना? घरात एवढा जाणकार माणूस असताना एवढ्या लांबून मला काय विचारतेस?

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

गाडी बनवायला घे. विचार करून कळवते असं लिहिणार होते, पण परवा विचार करायचं काम उरलं नाही.

भर दुपारी मोठ्या पुलाच्या उतारावरून येत होते. उजवीकडून एक मोटरसायकल अगदी अंगाला लागून आली आणि त्या माणसाने डाव्या पायाने माझ्या मांडीवर लाथ मारली. चुकून नाही, नीट पाय उचलून. गाडी डावीकडे आडवी झाली, माझा पाय तिच्याखाली, आणि आम्ही दोघी कठड्याला घासत कितीतरी लांब गेलो. हेल्मेटची काच निघाली. डाव्या कानाची पाळी फाटून लोंबायला लागली. मांडीवरची कातडी पँटसकट गेली, दवाखान्यात चिमट्याने कापड आणि मांस वेगळं करत बसले होते.

डबा फुटला, मामा. अठ्ठावन्न नळ्या. सगळ्या गावाचं रक्त माझ्या तोंडावर, छातीवर, रस्त्यावर. एक बाई मला बघूनच चक्कर येऊन पडली. दोघांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि एक जण रडायलाच लागला, गेली हो बिचारी. मी आपली ओरडतेय, अहो हे माझं नाही, हे चार नंबर वॉर्डाचं आहे! त्यांना वाटलं, मला वात झालाय.

तो माणूस कोण ते दिसलं नाही. हेल्मेट होतं.

मी लॅबजवळ एक खोली घेतलीय. इस्त्रीच्या दुकानावर, मागच्या जिन्याने. कामाच्या वेळा विचित्र, घरी जाऊन-येऊन दमते. गाडी लॅबवरच पाठव. आणि खोलीचा पत्ता तुझ्यापाशीच ठेव, कुणाला सांगू नकोस. हे उगाच काळजी करत बसतात.

भिंगरी


७ मार्च

भिंगरे,

गाडी तयार झाली. सोमवारी मालाच्या ट्रकवर चढवतो. तुझ्या त्या लाथ मारणाऱ्या हरामखोराचा नंबर घेतला होतास का? घेतला असशील तर कळव. मी त्याच्या पायाची नळी माझ्या शिकंज्यात धरतो आणि एकेक आटा आवळतो. गंमत नाही करत.

गाडीचं सांगतो. मागचा एक्सल नवा टाकलाय. ब्रेकचा पाय एकच, तो दाबला की तिन्ही चाकं धरतात. डबा सीटच्या मागे पक्का बोल्ट केलाय. आता तुझ्या नळ्या फुटल्या तर नाव बदलीन. रंग मामीने निवडला. मी काळा म्हणत होतो. ती म्हणाली, लांबून दिसायला हवी पोर, पिवळा दे. दिला.

आणि आता खरी बातमी ऐक. शुक्रवारी जावईबापू येऊन गेले! एवढ्या लांब, एकटे, मोटरसायकलवर. गॅरेजच्या दारात उभे, म्हणाले, तिच्या कपाटात तुमचं पत्र सापडलं, म्हणून राहवलं नाही. चहा घेतला, दोन नट आवळू लागले, आणि मग डोळ्यांत पाणी. म्हणाले, मामा, क्षुल्लक कारणावरून रुसून गेलीय, तीन आठवडे झाले, कुठे राहते सांगत नाही. सारखी पडते हो ती, माझा जीव टांगणीला लागलाय. मला भरून आलं. म्हटलं, गाडी तरी चालवून बघा. म्हणाले, मी जन्मभर दोन चाकांवर लोकांना शिकवलंय, ही लंगड्यांची गाडी मला नको. मला जरा झोंबलं, पण म्हटलं जाऊ दे, जावई आहे.

तू पत्ता सांगू नकोस म्हणाली होतीस. पण नवऱ्यापासून कसला लपवायचा? रुसवेफुगवे कुणाच्या घरात होत नाहीत? तुझी मामी मला सोडून तीनदा माहेरी गेली आणि तिन्ही वेळा मीच जाऊन आणली. मी त्यांना इस्त्रीचं दुकान सांगितलं, मागचा जिना सांगितला, वर कागदावर नकाशाही काढून दिला. अबोला पुरे आता. ते आले की नीट बोल.

मामा


१८ मार्च

मामा,

तुझं पत्र पोचायच्या आधी तो पोचला.

खडी नव्हती, मामा. ऑइल नव्हतं. कुत्रं तर नव्हतंच. चारही वेळा तोच होता. उजवीकडून यायचा, डावा पाय उचलायचा आणि लाथ घालायचा. पुलावर मी त्याला हेल्मेटमध्येही ओळखला होता. त्याचे बूट मीच पॉलिश करायचे.

घरात तर चार वर्षं चालू आहे. आधी थोबाडीत, मग पट्ट्याने, मग केस धरून भिंतीवर. डिसेंबरात मी म्हटलं, मी जाते. त्या दिवसापासून त्याने घरात हात लावायचं बंद केलं आणि रस्त्यावर सुरू केलं. मला तोंडावर सांगायचा, रस्त्यावर मेलीस तर मला कोण विचारणार? मी तर लोकांना रस्त्याचे नियम शिकवतो. तो मला मारून टाकणार आहे, आणि ते अपघातासारखं दिसणार आहे. म्हणून मी तुला विचारलं की धक्का बसला तर पडते का.

रविवारी सकाळी अकराला आला. हातात फळांची पिशवी होती, म्हणून खालच्या इस्त्रीवाल्यानेच त्याला जिना दाखवला. दार मी उघडलं नाही. तिसऱ्या लाथेला बिजागरी निघाली. माझं हेल्मेट खुंटीला होतं, ते त्याने पट्ट्याला धरून फिरवलं. पहिला फटका गालावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला कानाच्या आतून आला. तो हलणारा दात आणि शेजारचा, दोन्ही गेले. मी खाली पडले तर डाव्या हातावर टाच ठेवून उभा राहिला आणि टाच फिरवली. दोन बोटं मोडली. मग केसांना धरून जिन्यावरून खाली ओढायला लागला. प्रत्येक पायरी पाठीला लागत होती. त्याला मला रस्त्यावर न्यायचं होतं.

इस्त्रीवाला दुकानातून धावत आला. तापलेली इस्त्री उचलली आणि त्याच्या खांद्यावर टेकवली, आणि धरून ठेवली. शर्ट कातडीला चिकटून बरोबर निघाला. जनावरासारखा ओरडला. मग मला सोडून पळाला. जाताना एवढंच म्हणाला, रस्त्यावर भेटू.

पोलिसांत तक्रार दिली. दुसऱ्याच दिवशी तो सुटला. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक येऊन म्हणाला, असा सभ्य शिक्षक शोधून सापडणार नाही.

तुझ्यावर फार रागावले होते. दोन दिवस पडल्या पडल्या तुला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या. मग लक्षात आलं, मी तुला काही सांगितलंच नव्हतं. लाज वाटत होती. तुमच्यासमोर तो इतका गोड वागायचा.

गाडी आलीय. छान आहे. टाके काढले की लॅबच्या आवारात चालवायला शिकणार आहे. आज नुसती ढकलून बघितली तर मागच्या चाकाने वॉचमनची खुर्ची मोडली, तो त्यात बसलेला नव्हता म्हणून बरं. इस्त्रीवाल्याने दार स्वतः नवं बसवून दिलं.

तू येऊ नकोस. आलास की मारामारी करशील, आणि तो तुझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे.

भिंगरी


२२ मार्च

भिंगरे,

मी काय लिहू?

माझ्या हाताने नकाशा काढला. जिन्यासमोर बाणसुद्धा काढला, चुकू नये म्हणून. ज्या हाताने काढला तो हात शिकंज्यात घालावासा वाटतोय. साठीला आलो, माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही असं बोलत फिरायचो. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती?

मामीने तुझं पत्र दोनदा वाचलं. तेव्हापासून ताट वाढते आणि निघून जाते. मला शिव्या तरी द्याव्यात तिने.

मी काल दोन नंबरचा पाना पिशवीत घालून बसस्टँडवर गेलो होतो. त्याचे दोन्ही गुडघे फोडायचे, एवढंच ठरवलं होतं. मामी मागून आली, पिशवी ओढून घेतली आणि म्हणाली, पोरीने नको म्हटलंय, एकदा तरी तिचं ऐका. परत आलो. तू म्हणतेस म्हणून थांबलोय. मला ते अजिबात पटलेलं नाही.

आता माझं ऐक, कारण मला एवढंच येतं. आवारात दोन विटा ठेव, मागच्या चाकांच्या रुंदीपेक्षा चार बोटं जास्त अंतरावर. त्यांच्यामधून गाडी ने. विटेला चाक लागलं की पुन्हा. डोळे मिटून सांगता आलं पाहिजे, मागचं चाक कुठे आहे. ते आल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. वळणाच्या आधी वेग कमी करायचा. आणि तो बाजूला आला तर घाबरून हँडल ओढू नकोस. सरळ बस. गाडी तुला पाडणार नाही, त्याची जबाबदारी माझी.

माफ कर म्हणायचं तोंड नाही मला. तरी म्हणतो.

मामा


९ एप्रिल

मामा,

तुला पोलिसांचा फोन येईल, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून घाईत लिहितेय. मला काही झालेलं नाही. मामीलाही हेच आधी सांग.

काल सकाळी दहाला तो आला. तोच पूल, तोच उतार. आरशात दिसला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण तू म्हणालास तशी सरळ बसले. उजवीकडून अंगाला लागून आला, डावा पाय उचलला आणि जीव खाऊन लाथ मारली. मामा, गाडी हललीसुद्धा नाही. मांडीवर बसली, दुखलं, पण गाडी जशीच्या तशी. भिंतीला लाथ मारल्यावर माणूसच मागे जातो ना, तसं झालं. त्याचीच मोटरसायकल डगमगली, हँडल सुटलं, आणि तो माझ्या पुढे जाऊन आडवा पडला. गाडी ठिणग्या काढत कठड्यावर गेली.

मी त्याला चुकवायला हँडल डावीकडे घेतलं. पुढचं चाक बाजूने गेलं. मागचं उजवं चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. हाड बाहेर आलं होतं, बूट उलट्या दिशेला होता. डॉक्टरांनी संध्याकाळी गुडघ्याखाली कापला.

बघणारे वीस-पंचवीस लोक होते, सगळ्यांनी सांगितलं की लाथ त्याने मारली. तो म्हणतो, तिने मुद्दाम घातली. इन्स्पेक्टरला मी सांगितलं की इतकी वर्षं दुचाकी चालवली, मागची चाकं बाहेर असतात हे त्या क्षणी विसरले. त्याने ते लिहून घेतलं. गाडी पोलीस आवारात आहे. तिची तपासणी करायला ते तुला बोलावणार आहेत, कारण बनवलीस तू. ये आणि तुझं काम करून जा. तिथे मी नसेन, आपण भेटू नये असं इन्स्पेक्टरने सांगितलंय.

भिंगरी


२७ एप्रिल

भिंगरे,

येऊन गेलो. खोलीच्या खालून जाताना इस्त्रीवाल्याला भेटलो. त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. त्याला वाटलं असेल, हे म्हातारं येडं आहे.

गाडी तपासली. तुझी गाडी चोख आहे. पुलावर इन्स्पेक्टर मला घेऊन गेला आणि विचारलं, असं होऊ शकतं का? म्हटलं, होऊ शकतं म्हणजे काय, रोज होतं. शिंप्याचा मेहुणा सांगितला, पडलेली फाटकं सांगितली. दुचाकीवरून आलेला माणूस ही चूक करतोच, माझं तीस वर्षांचं नाव घेऊन लिहून देतो, म्हटलं. आणि दिलं. तो म्हणाला, मग प्रकरण मिटल्यात जमा आहे. अपघात.

एक गोष्ट तुझ्या-माझ्यात ठेवतो. रस्त्यावर त्याच्या गाडीचे ओरखडे आहेत, त्याचं रक्त आहे, पण तुझ्या चाकांची ब्रेकची खूण कुठेच नाही. इन्स्पेक्टरने विचारलं नाही, मी बोललो नाही. तुलाही विचारत नाही. उत्तर पाठवायचं नाही, कळलं?

बाकी इकडे थोडी कटकट झालीय, तू मनाला लावून घेऊ नकोस. माझाच कागद वाहन खात्यात गेला. तिथल्या साहेबाने वाचलं, चालवणारे ही चूक करतातच असं बनवणाराच म्हणतो. म्हणजे गाडीच धोक्याची. माझं लायसन्स रोखलंय, आणि मी बनवलेल्या सगळ्या गाड्या आणून जमा करायची नोटीस निघालीय. बेचाळीस गाड्या. दूधवाला काल आला होता. म्हणाला, मामा, मी आता दूध खांद्यावर घालून नेऊ का? आणि हसला. मास्तर शाळेत जायचे थांबलेत. शिंप्याची बायको रडून गेली. तीनचाकी बरी की दुचाकी, हा तुझा प्रश्न त्या साहेबाने एका सहीत सोडवला. त्याला पाय आहेत दोन.

होईल काहीतरी. मी अर्ज केलाय. तू सुटलीस, मला तेवढं पुरे. मामी आता बोलते माझ्याशी.

मामा


३ मे

मामा,

उत्तर पाठवू नकोस म्हणालास, तरी पाठवतेय.

तुझ्या दोन विटा मी रोज संध्याकाळी आवारात मांडत होते. बारा दिवस. शेवटचे चार दिवस एकदाही चाक लागलं नाही. वॉचमनने विटा आणखी जवळ सरकवल्या, तरी लागलं नाही. मागचं चाक कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता येत होतं. मी विसरले नव्हते.

तो पडला तेव्हा माझ्यापुढे चांगल्या पंधरा पावलांवर होता. थांबता आलं असतं, दोनदा थांबता आलं असतं. ब्रेकवर पाय होता माझा. तो कोपरावर उठला आणि वळून माझ्याकडे बघितलं. घाबरला होता, मामा. चार वर्षांत मी त्याला पहिल्यांदा घाबरलेला बघितला. मला एकदम वाटलं, हा उठणार. आज घाबरलाय, पण उठणार, आणि परवा पुन्हा माझ्या उजवीकडून येणार. मी ब्रेकवरचा पाय उचलला. हँडल एवढंसं डावीकडे घेतलं, बघणाऱ्याला वाटावं की वाचवतेय. मागचं चाक त्याच्या डोक्यावरूनही नेता आलं असतं. मी पायावरून नेलं. डाव्या. चाक वर चढलं आणि उतरलं, ते सीटमधून मला नीट कळलं.

पस्तावा झाला का विचारशील तर अजून झालेला नाही. खोटं लिहीत नाही. त्या दिवसापासून मी रस्त्यावर मागे वळून न बघता चालते आणि मला शांत झोप लागते. पण तुझं पत्र आल्यापासून लागत नाहीये. दूधवाल्याचा पाय बसने तोडला होता, आणि आता गाडी मी काढून घेतली. तुझी गाडी वाईट नाही. चूक गाडीची नव्हती आणि सवयीचीही नव्हती. ती माझी होती.

म्हणून काल इन्स्पेक्टरकडे गेले आणि सगळं सांगितलं. विटांचंसुद्धा. त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, बाई, फाइल बंद होत आली होती, घरी जा. मी म्हटलं, लिहा. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्याने लिहिलं. मी सही केली आणि एक प्रत वाहन खात्याच्या साहेबाला नेऊन दिली. आता तुझ्या माणसांच्या गाड्या रोखायला त्याला कारण उरलेलं नाही. तुझा तो कागद मागे घे. तू मनापासून लिहिलास ते मला माहीत आहे, आणि खुणेबद्दल गप्प बसलास तेही कुणासाठी ते माहीत आहे.

गुरुवारी अकरा वाजता मला कोर्टात उभं करणार आहेत. वकीलबाई म्हणतात, त्याने केलेलं सगळं न्यायाधीश ऐकतील, पण त्या दिवशी मला घरी सोडतील की आत ठेवतील ते सांगता येत नाही. समोर तोही असणार, चाकांच्या खुर्चीत. मी आजवर कधी रडून तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागतेय.

मला भीती वाटते, मामा. मामीला घेऊन ये.

भिंगरी